विमानाच्या नाकावरचा दोरा

त्या रविवारी हरणमाळावर वारा नव्हता. मार्गशीर्ष सरत आला होता. थंडी होती, पण बोचणारी नव्हती. कुसळी गवतावर दव पडलं होतं आणि ऊन वर येईल तसं ते एका अंगानं वाळत चाललं होतं. जुन्या धावपट्टीच्या कडेला बांबूला बांधलेलं फडकं मान टाकून लोंबत होतं. आभाळ घासलेल्या ताटासारखं लख्ख. विमान उडवायला असा दिवस वर्षातनं तीन-चार वेळाच मिळतो.

जोतिरामला तो दिवस बघवत नव्हता.

“मग त्याच्यात का घातलंत, वस्ताद? अकरा वर्षं झाली मला तुमच्याकडं. शांतिनाथ आला तीन वर्षांमागं. टर्बाइन त्याच्या विमानात का?”

यासीन वस्तादांनी थर्मासच्या झाकणात चहा ओतला. हात थरथरत होता. थोडा चहा बोटांवर सांडला, तो त्यांनी पुसला नाही.

“चहा घे.”

“नको.”

“मग नुसता धर. हात गरम होतील.”

जोतिरामनं झाकण धरलं. आता पुढचं उत्तर येईल म्हणून वाट बघत राहिला…

वस्तादांनी थर्मासला बूच लावलं.

आता हे वस्ताद कोण, ते सांगायला पाहिजे. सांगलीत पंपाच्या कारखान्यात तीस वर्षं फिरते भाग तोलायचं काम केलेला हा माणूस. पंप असो, पंखा असो, फिरणाऱ्या वस्तूवर बोट ठेवून तो सांगायचा, कुठल्या बाजूला गव्हाच्या दाण्याएवढं वजन जास्त आहे. निवृत्त झाल्यावर खेळण्यातल्या विमानांचा नाद लागला. खेळण्यातली म्हणायची, पण लांबीला माणसाएवढी, आणि जमिनीवरनं रिमोटनं उडवायची. हळूहळू चार माणसं शिकायला आली. त्यातली दोन टिकली.

पहिला जोतिराम कोष्टी. मोटारी रिवाइंड करायचं त्याचं दुकान. वस्तादांच्या भिंतीला भिंत लागून घर, मधे कमरेएवढी गडग्याची भिंत. त्या भिंतीवरनं वाटीनं कालवण जायचं, यायचं.

दुसरा शांतिनाथ मगदूम. चष्म्याच्या काचा घासून देणारा. बोलायला कमी, हात बारीक.

दोघांनी दोन वर्षं खपून एकेक जेट बांधलं होतं. साचे घातले, काचेच्या कापडावर राळ चढवली, प्लायवूडच्या फासळ्या कापल्या, पंख घासले. सगळं झालं. पण जेट म्हटलं की पोटात टर्बाइन लागतं, आणि टर्बाइन एकच होतं.

ते वस्तादांचं. सोललेल्या नारळाएवढं. मिनिटाला लाखभर फेरे घ्यायचं आणि रॉकेल प्यायचं. मोडलेल्या अवस्थेत मिळालेलं, ते वस्तादांनी चार वर्षं बसून उभं केलं. पात्यांची चकती तोलण्यात एक अख्खा पावसाळा गेला. आता हाताला कंप आला, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरला. बघायचं काम बोटांवर आलं. मग वस्ताद म्हणाले, मी आता उडवत नाही. ज्याच्या विमानात हे बसेल, त्याचंच ते.

गुरुवारी त्यांनी ते शांतिनाथच्या विमानात बसवलं.

जोतिरामला कळलं ते शुक्रवारी, तेही भिंतीपलीकडं टर्बाइनच्या रॉकेलचा रोजचा वास नाही म्हणून विचारल्यावर.

“अहो, माझं पण विमान आज आणलंय मी,” जोतिराम म्हणाला. “ते बघा. टेम्पोजवळ ठेवलंय.”

“बघतो,” वस्ताद म्हणाले. डोळे मात्र समोर होते.

जोतिरामचं विमान लाल होतं. टेबलावर चादरीवर उभं केलेलं. रंग असा की तोंड दिसावं. पोटाची झडप उघडी होती आणि आत जिथं टर्बाइन बसायचं, तिथं पोकळी.

माळावर पाच-सहा जण जमले होते. त्यात जनावरांचे डॉक्टर कुंभोजे होते. त्यांनी त्या पोकळीत वाकून बघितलं.

“जोतिराम, जागा चांगली काढलीयस. जेवणाचा डबा बसेल.”

माणसं हसली. जोतिरामही हसला. हसताना दात घट्ट होते.

पलीकडं शांतिनाथ आपल्या विमानाशी बसला होता. पांढरं विमान, एक निळी रेघ. बास. त्या रेघेकडं बघितलं की जोतिरामला आपला लाल रंग लग्नाच्या बँडवाल्यासारखा वाटायचा.

विमानाच्या नाकाला पांढरा दोरा बांधला होता.

ही वस्तादांची रीत. विमान तयार झालं की बांधणाऱ्यानं त्याच्या नाकाला एक दोरा बांधायचा. मग दुसऱ्या माणसानं ते शेंड्यापासून शेपटापर्यंत तपासायचं. खोट दिसली तर सांगायची. नाही दिसली तर दोरा तोडायचा. दोरा तुटल्याशिवाय इंजिन पेटवायचं नाही. आणि आपला दोरा आपण कधी तोडायचा नाही, मग विमान वर्षभर पडून राहिलं तरी.

दोरा जोतिरामच्याच घरचा. मागावरचा, वडिलांच्या वेळचा शिल्लक. अकरा वर्षं तो गुंड्या पुरवत आला होता. त्यातलाच एक त्या पांढऱ्या विमानाच्या नाकावर होता.

“जोतिराम,” वस्ताद म्हणाले.

“हं.”

“शांतूचा दोरा तू तोड.”

आजपर्यंत प्रत्येक दोरा वस्ताद तोडत आले होते.

“मी?”

“माझे डोळे कुठं राहिलेत.”

जोतिरामनं चहाचं झाकण खाली ठेवलं. चहा तसाच होता.

तो पांढऱ्या विमानाशी जाऊन बसला. शांतिनाथ उठून बाजूला झाला.

“बघा दादा. सावकाश बघा.”

सावकाश बघायला त्याला कुणी सांगायची गरज नव्हती. भाऊबंद वाटणीच्या जमिनीची हद्द बघतो तसं तो बघायला लागला. त्याला खोट पाहिजे होती. पोटात भूक असली की माणसाला अंधारातसुद्धा भाकरी सापडते.

नाकाचं चाक हातानं फिरवलं.

“डावीकडं ओढतंय.”

शांतिनाथ वाकला. बघितलं. “खरंय. मला दिसलंच नव्हतं.” बारीक पाना घेतला, सरळ केलं.

झडप उघडून आत हात घातला.

“बॅटरीचा पट्टा सैल आहे. उलटं झालं की सरकेल.”

“बरं झालं दादा.”

पट्टा घट्ट झाला.

रॉकेलची नळी उन्हात धरली. पारदर्शक नळी, आत मोहरीएवढा बुडबुडा.

“हे काय? हा वर गेला की टर्बाइन विझतंय. शाळेतल्या पोराला कळतं हे.”

जरा मोठ्यानंच म्हणाला. कुंभोज्यांना ऐकू जावं असं.

शांतिनाथ लाजला नाही, रागावला नाही. नळीला टिचक्या मारत मारत बुडबुडा मागं सरकवला, टाकीत घालवला. मग जोतिरामकडं बघून म्हणाला,

“तुम्ही होतात म्हणून.”



खोट काढली आपण, आणि विमान चांगलं झालं ते त्याचं. आणखी एक काढली, आणखी चांगलं झालं. हे कसलं काम. आपल्याच हातानं सवतीची वेणी घालायची.

तो शेपटाकडं आला.

शेपटाला आडव्या दोन फळ्या असतात. त्या वर-खाली झाल्या की विमानाचं नाक वर-खाली होतं. फळीला एक तार ओढते, तारेच्या टोकाला चिमट्यासारखी कडी. ती कडी उघडू नये म्हणून तिच्यावर रबरी नळीचा बारीकसा तुकडा सरकवायचा, करंगळीच्या नखाएवढा. त्याला रिंग म्हणायचे.

डाव्या कडीवर रिंग होती.

उजव्या कडीवर नव्हती.

जोतिरामचा हात थांबला.

कडी मिटलेली होती. बघणाऱ्याला ती बंद दिसेल. जमिनीवर ती बंदच राहील. वर गेल्यावर, जोर आल्यावर, वळताना… कदाचित तेव्हाही राहील. कदाचित नाही.

मागनं शांतिनाथ म्हणाला, “आहे का काही?”

माळावर टिटवी ओरडून गेली.

“नाही,” जोतिराम म्हणाला.

तो उठला. नाकाशी गेला. दोरा बोटाला गुंडाळला आणि हिसका दिला. सुताचा दोरा तुटताना आवाज होत नाही. त्याला मात्र आला.

तुटका दोरा त्यानं खिशात घातला आणि वस्तादांच्या स्टुलामागं जाऊन उभा राहिला. माणसांच्या जरा मागं. तिथनं सगळं दिसतं आणि आपण कुणाला दिसत नाही.

वस्तादांनी विचारलं, “तोडलास?”

“तोडला.”

“रिमोट कुणाजवळ आहे?”

“माझ्याजवळ, वस्ताद,” शांतिनाथ म्हणाला.

“त्याला दे.”

जोतिरामला वाटलं, आपण चुकीचं ऐकलं.

“त्याचं विमान आहे, वस्ताद. तो उडवेल की.”

“ज्यानं दोरा तोडला त्यानं पहिल्यांदा उडवायचं. अकरा वर्षं काय बघत होतास?”

अकरा वर्षं तो हेच बघत होता. वस्ताद दोरा तोडायचे आणि पहिलं उड्डाणही वस्तादच करायचे. त्याला वाटायचं, वस्ताद आहेत म्हणून उडवतात. मोठ्या माणसाचा मान असतो, म्हणून. ह्या दोन गोष्टींना एकच गाठ आहे हे त्याच्या डोक्यात कधी आलंच नव्हतं. कधी विचारलंही नव्हतं. आपल्याला माहीत आहे असं वाटलं की माणूस विचारत नाही.

शांतिनाथ रिमोट घेऊन आला. दोन्ही हातांनी पुढं केला.

“मीच म्हणणार होतो दादा. पहिलं उड्डाण तुमच्याच हातनं होऊ दे.”



जोतिरामनं रिमोटचा पट्टा गळ्यात अडकवला. नको म्हणायला तोंड उघडलं, पण नको का, हे सांगावं लागलं असतं.

विमान धावपट्टीच्या टोकाला नेऊन ठेवलं. माणसं मागं सरली. आग विझवायचं नळकांडं घेऊन कुंभोजे एका बाजूला उभे राहिले.

“कर सुरू,” वस्ताद म्हणाले.

जोतिरामनं बटण सरकवलं.

आधी नुसती घरघर. मग आत कुठंतरी भप्प झालं, शेपटामागं हवा थरथरली, आणि घरघरीतनं एक बारीक सूर निघाला. तो चढत गेला. चढत गेला आणि एका जागी येऊन ठरला. कुठं खरखर नाही, कुठं डोलणं नाही. वस्तादांचा एक अख्खा पावसाळा त्या सुरात होता.

वस्तादांनी मान थोडी तिरकी केली. ऐकत होते.

जोतिरामनं रिमोटवरची काडी मागं ओढली. शेपटाच्या फळ्या वर झाल्या. पुढं ढकलली. खाली झाल्या. दोन्ही बरोबर, एकाच वेळी.

चालतंय की, त्याच्या मनात आलं. एका उड्डाणाला काय होतंय. हळू उडवू. एक फेरी मारू, उतरवू. वाचलं तर वाचलं.

आणि नाही वाचलं तर?

मघाशी हा प्रश्न नव्हता. मघाशी विमान शांतिनाथच्या हातात होतं. पडलं असतं तर शांतिनाथच्या हातनं पडलं असतं. माणसं म्हणाली असती, घाई झाली वस्तादांना, जोतिरामला द्यायला पाहिजे होतं. तो मागं उभा राहून हळहळला असता. थोडं खरंसुद्धा हळहळला असता.

आता रिमोट गळ्यात होता.

टर्बाइन चालू होतं. रॉकेल जळत होतं. मागचं गवत आडवं होऊन थरथरत होतं.

“जाऊ दे की आता,” कुंभोजे ओरडले. “मुहूर्त बघतोयस का?”

जोतिरामनं वस्तादांकडं बघितलं. वस्ताद त्याच्याकडं बघत नव्हते. जमिनीवर ठेवलेलं थर्मासचं झाकण त्यांनी उचललं होतं आणि आतला निवलेला चहा गवतावर ओतत होते. सावकाश, एका धारेनं…

जोतिरामनं टर्बाइन बंद केलं.

सूर उतरत आला. थांबला. मग थंड व्हायला ते आपणच दोनदा घरघरलं आणि गप्प झालं.

माळ एवढा शांत झाला की बांबूवरचं फडकं हललं ते ऐकू आलं.

“काय झालं दादा?”

“शेपटाची उजवी कडी,” जोतिराम म्हणाला. “तिला रिंग नाही.”

शांतिनाथ पळत गेला. गुडघ्यावर बसला. बघितलं. परत आला.

“काल फळी हलवणारी मोटर बदलली तिकडची. रिंग काढून ठेवली होती, घालायची राहिली.” त्यानं गुडघ्याची माती झटकली. “फळी हलवताना दिसली का तुम्हाला आत्ता?”

त्यात काही आडवं नव्हतं. तो सरळ विचारत होता. हो म्हटलं असतं तर तिथंच मिटलं असतं. उलट माणसं म्हणाली असती, काय नजर आहे, एवढ्या लांबनं दिसलं.

जोतिरामनं गळ्यातला पट्टा काढला.

“आत्ता नाही. मघाशीच दिसली.”

कुंभोज्यांनी नळकांडं खाली ठेवलं आणि चप्पलनं माती उकरायला लागले.

शांतिनाथ जोतिरामकडं बघत राहिला. चष्म्याच्या काचा घासणारा माणूस तो. काचेला तडा आहे का, हे बघायला काच जशी धरतो, तसा.

“रिंग दुसरी आहे का?” वस्तादांनी विचारलं.

“डबा घरी राहिला,” शांतिनाथ म्हणाला.

जोतिराम टेम्पोकडं गेला. आपल्या लाल विमानाच्या शेपटाशी वाकला. नखानं उजव्या कडीवरची रिंग सरकवली, काढली. ती घेऊन धावपट्टीवर आला आणि पांढऱ्या विमानाच्या कडीवर चढवली. लाल रंगाची रिंग. त्यानं रंग बघून घेतलेली.

पांढऱ्या विमानावर ती लांबनं दिसत होती.

“झालं,” तो म्हणाला. “आता शांतिनाथ उडवेल.”

“दोरा कुठाय?” वस्ताद म्हणाले.

“तुटला की.”

“खोटा तुटला. शांतू, नवा बांध.”

शांतिनाथनं खिशातनं गुंडी काढली. दोरा बांधला. एरवी तो एक गाठ मारायचा, आज तीन मारल्या. मग उठून बाजूला झाला. ह्या वेळी ‘सावकाश बघा’ म्हणाला नाही.

जोतिराम परत नाकाशी बसला. चाक बघितलं. पट्टा बघितला. नळी बघितली. बघेल ते तोंडानं म्हणत गेला. चाक सरळ. पट्टा घट्ट. बुडबुडा नाही. पंखाच्या बिजागरीत एक स्क्रू अर्धा फेरा सैल होता, तो म्हणाला. शांतिनाथनं न बोलता आवळला. शेपूट. डावी कडी, रिंग आहे. उजवी कडी, रिंग आहे.

तीन गाठींचा दोरा एका हिसक्यात तुटला नाही. बोटाला काचला. दुसऱ्यांदा तुटला.

मग त्यानं ते उडवलं.

धावपट्टी अर्धी सरायच्या आत विमान उचललं. काडीला बोट लागायचा अवकाश, ते कळल्यासारखं वळत होतं. उन्हात पंख चमकले, निळी रेघ आभाळात मिसळली. डोक्यावरनं गेलं तेव्हा आवाज मागनं आला.

जोतिरामनं आयुष्यात एवढं सरळ उडणारं विमान हातात घेतलं नव्हतं. त्याला ते आवडलं नाही. आवडलं नाही, आणि नजर काढवेना. सहा मिनिटं रॉकेल पुरलं. ती सहा मिनिटं ते कुणाचं आहे हे तो दोनदा विसरला, आणि दोनदा आठवलं.

उतरवलं तेव्हा चाकं टेकल्याचा नुसता फुसका आवाज झाला.

रिमोट शांतिनाथला दिला.

“चांगलं बांधलंयस,” जोतिराम म्हणाला. हे दोन शब्दांचं बोलणं त्याला माळ चढण्यापेक्षा जड गेलं.

शांतिनाथनं रिमोट घेतला.

“घरी गेल्यावर तुमची रिंग पाठवून देतो,” एवढंच म्हणाला.

*

दुसऱ्या दिवशी सकाळी जोतिराम परसात दात घासत होता. थंडी तशीच, पण आज वारा सुटला होता. वाळत घातलेली लुगडी फडफडत होती. भिंतीपलीकडं वस्ताद खाटेवर बसून, उन्हात पाठ देऊन, बोटांनी डाळीतले खडे काढत होते.

रात्रभर जोतिरामला झोप नव्हती. त्याची बायको शेवंता सकाळीच म्हणाली होती, “भिंतीपलीकडं जाऊन काय ते विचारून या. घरात येरझाऱ्या घालून फरशी झिजवू नका.”

तो भिंतीशी गेला. तोंड धुतलं, खाली बघितलं.

“वस्ताद.”

“बोल.”

“कालचं सोडा. काल चुकलं माझं. पण पहिला प्रश्न राहिलाच. गुरुवारी तर काही चुकलं नव्हतं ना माझं?”

वस्तादांनी एक खडा बाजूला टाकला.

“मागच्या आठवड्यात तू मोटारी घेऊन बुधगावला गेलास. तेव्हा शांतूला बोलावलं मी. शेवंताला विचारून तुझं विमान परसात काढलं. म्हटलं, बघ, दोरा तोडण्यासारखं आहे का.”

जोतिरामला हे माहीत नव्हतं.

“मग?”

“तासभर बघत होता.”

“मग? काय काय काढलं त्यानं?”

“काही नाही. एक खोट सापडली नाही त्याला. म्हणाला, जोतिरामदादांच्या कामात काय बघायचं, वस्ताद. टर्बाइन त्यांच्यातच घाला.”

जोतिराम घोटभर पाणी प्यायला.

“तो असं म्हणाला?”

“हो.”

“मग घालायचं की माझ्यात.”

वस्ताद खाटेवरनं उठले. भिंत चाचपत आले. सदऱ्याच्या खिशात हात घातला आणि मूठ भिंतीवर आणून उघडली.

तांब्याच्या तारेचे पाच-सहा तुकडे. केसासारखे बारीक, गव्हाएवढे लांब. मोटार रिवाइंड करताना दुकानात पायाखाली पडतात तसले.

“हे कुठलं?” जोतिरामनं विचारलं. विचारतानाच त्याला कळलं.

“तुझ्या विमानाच्या घशातलं. हवा आत ओढायच्या वाटेत चिकटलेले होते. शांतू गेल्यावर मी हात फिरवला.”

टर्बाइन सुरू झालं असतं तर ते सगळे आत ओढले गेले असते. लाख फेऱ्यांची पाती. एक क्षण.

जोतिरामनं एक तुकडा बोटावर घेतला. उन्हात तो चमकत होता. दोन वर्षं तो रोज त्या विमानात डोकं घालून बसायचा. रोज फडक्यानं पुसायचा. हा तांब्याचा रंग डोळ्यांपुढं असूनही…

“मला कसं दिसलं नाही?”

वाऱ्यानं दोन तुकडे भिंतीवरनं उडून गेले.

“शांतिनाथला सांगू का परत बघायला?”

“त्याला पुन्हा नाहीच दिसायचं. तुला मानतो तो.” वस्तादांनी मान हलवली. “काल झालं ते झालं, तरी तुझी लाल रिंग अजून खिशात घेऊन फिरतोय तो. सकाळी येऊन गेला. द्यायचं धाडस झालं नाही.”

जोतिराम भिंतीला टेकून उभा राहिला. पलीकडं घरात शेवंता चहाची भांडी लावत होती, त्यांचा आवाज येत होता.

“मग माझा दोरा तोडायचा कुणी, वस्ताद?”

वस्ताद खाटेकडं वळले. चाचपत बसले. डाळीचं ताट मांडीवर घेतलं, बोटं डाळीतनं फिरायला लागली.

“शांतूला तू होतास. तुझं बरं ज्याला बघवत नाही, असा कुणीतरी शोध. सापडला की त्याला चहाला बोलव.”